खडखडणारं मशीन आणि जाड कडेचं नाणं

प्रिय साडूभाऊंना सप्रेम नमस्कार.

आधी हिशेब, मग खुशाली. पाचाचं एक नाणं मला पडलं ते असं: एक नवं कोरं मशीन, एक भिंग, तपासणीची फी आणि तुमच्या मेहुणीचा (म्हणजे माझ्या बायकोचा) अबोला. अबोला खर्चात धरावा की जमेत, हे अजून ठरत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही वडीलधारे, जिने जपून चढा.

तुम्ही फोनवर विचारलंत की, तुमच्या नव्या लाँड्रीसाठी मी दिलेलं कपडे वाळवायचं जुनं मशीन अजिबात वाजत नाही, दुसरंच तर पाठवलं नाही ना. साडूभाऊ, मशीन तेच आहे. खडखडायचं म्हणूनच तर अर्ध्या किमतीत दिलं. इस्त्रीच्या एका टेबलावरून मी आज लाँड्रीचा मालक झालो तो या दोन कानांच्या जोरावर (शिक्षण किती ते तुम्हाला ठाऊकच आहे). नुसता आवाज ऐकून मी मशीनचा रोग सांगतो. मेकॅनिक म्हणत होता, 'शेठ, एकदा खोलून तरी बघू.' मी म्हणालो, 'खोलायचंय काय त्यात? बेअरिंग गेलंय.' आणि नवं मशीन घेतलं.

जुनं टेंपोत चढवताना हमालांनी ते आडवं केलं आणि आतून टुणकन एक नाणं माझ्या पायाशी पडलं. नेहमीपेक्षा लहान, कड जाड आणि आत वळलेली, अक्षरं कडेखाली चेपलेली. टांकसाळीत चुकून असं एखादंच नाणं निघतं आणि हौशी लोक त्याला वेड्यासारखी किंमत देतात, हे मी मागे सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीवरून ऐकलं होतं (न्हाव्याच्या हातात वस्तरा असतानाही माझे कान मोकळे असतात). मी तिथल्या तिथे श्रीमंत झालो. भिंग आणलं. घरात मखमली डबी एकच होती, तिच्यात तुमच्या मेहुणीची अंगठी होती. अंगठी मी मिठाच्या बरणीमागे ठेवली. अबोल्याचं मूळ हेच. रस्त्यावर कोणी जोरात शिंकलं तरी मी डबीवर हात ठेवायचो.

शेवटी काल जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी आधी फी घेतली, मग नाणं उलटसुलट करून म्हणाल्या, "टांकसाळीची चूक असली, तर नाणं तिथून निघतानाच तसं असतं. बाहेर आल्यावर जे होतं, त्याला मोडतोड म्हणतात." (आपल्या सासऱ्यांनी जावयांच्या बाबतीत हा फरक कधीच मानला नाही.) मी म्हणालो, "बाई, कड तर बघा." त्या म्हणाल्या, "तीच बघतेय. टांकसाळीत छाप एका दाबात बसतो. ही कड हजारो बारीक ठोके खाऊन वळलीय, आणि घासून वजनही उतरलंय. तुमच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे का हो?" मी म्हणालो, "होतं." त्या म्हणाल्या, "खडखडायचं?"

नाणं डबीत ठेवायचीही इच्छा उरली नाही, शर्टाच्या खिशात टाकून घरी आलो. तुमच्या घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा धाकटा साडू

ता. क. जुनं मशीन वाजत नसल्यामुळे तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटत असेल, तर परत पाठवा. दिलेल्या किमतीतच मी ते घेईन, आपल्यात घासाघीस कसली. टेंपोचं भाडं मात्र निम्मं निम्मं.

आणखी एक. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात नवं मशीन खडखडायला लागलं. मी दुसऱ्या खोलीतूनच ओळखलं, बेअरिंग. कंपनीला फोन करून चांगलं खडसावलं. तेव्हा तुमच्या मेहुणीनं अबोला सोडला. म्हणाली, "काल घातलेला शर्ट मी धुवून त्यात टाकलाय. खिसे बघितले नव्हते."