बंबाची तोटी

शिरूर,
१९ जानेवारी २००३

प्रिय करुणा,

सप्रेम जयभीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण आपला फोन आबांच्या खुर्चीला खेटून आहे आणि तुझं नाव निघालं की आबा टीव्हीचा आवाज वाढवतात. तू शंभूरावांशी रजिस्टर लग्न केलंस तेव्हापासून हेच चाललंय. त्यांचा राग तू दुसऱ्या समाजात गेलीस याच्यावर किती आणि न सांगता गेलीस याच्यावर किती, हे मला सून असून आजवर कळलेलं नाही. असो. तर बातमी अशी की आपला तांब्याचा बंब परत मोरीत आलाय.

मला तो दिसला आणि पहिली आठवण आली ती माझ्या फजितीची. मी या घरात नवी होते. आमच्या माहेरी, कासुर्डीला, चुलीवर हंडा ठेवायचा की झालं, बंबाशी माझा कधी संबंध आला नव्हता. सासरची पहिलीच सकाळ, मी मोठ्या हौसेनं कणसांची बुरकुंडं घालून जाळ केला. तू दहावीतली पोर, दात घासत आलीस, बंबावर टिचकी मारलीस आणि तोंडातल्या फेसासकट म्हणालीस, "वहिनी, जाळ काढा आधी, रिकामा हाय त्यो." आणखी थोडा वेळ गेला असता तर सांध्याचा डाग वितळून तोटी हातात आली असती आणि माझं नाव पंचक्रोशीत झालं असतं. पाणी आधी आणि जाळ मागून, आणि बादलीभर काढलं की बादलीभर ओतायचं, हे दोन्ही धडे तू मला मास्तरणीच्या थाटात दिलेस. पुढे कितीतरी दिवस येता-जाता माझी परीक्षा घ्यायचीस. तेव्हा तुझा राग यायचा. आता मोरीत कुणी काही विचारत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

आणि ते रविवार आठवतात का गं? आबा तेव्हा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी बंब अंगणात यायचा. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, तोटीच्या तोंडाशी पांढरी खर चढायची आणि धार करंगळीएवढी व्हायची. आबा तोटी खोलून चिंचेच्या कोळात भिजत घालायचे. आपण दोघी चिंच आणि राख घेऊन बाहेरून तांबं उजळवत बसायचो. तोटीत सायकलची तार घालून खर काढायचं काम तुझं, ते तू दुसऱ्या कुणाला करू दिलं नाहीस. मग धार सुटेल का हे बघायला तू तोटीला तोंड लावून फुंकर मारायचीस आणि ओठांभोवती काळं वर्तुळ घेऊन दिवसभर गावभर हिंडायचीस. कुणी सांगायचं नाही, अशी आमची घरात शपथच होती. आबा सगळ्यांत जास्त हसायचे, पण पाठ करून. करुणा, ते हसणं मी फार दिवसांत ऐकलेलं नाही.

तू गेल्यावर तुझ्या दादानं गिझर आणला. बंब जिन्याखाली गेला. भंगारवाल्यानं बऱ्याचदा विचारलं, आबांनी त्याला दर वेळी दारातूनच परतवलं. बाकी बंबाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

मग गेल्या आठवड्यात मार्केट यार्डात शंभूराव दादाला भेटले, कांदा घेऊन आले होते. तुला सातवा लागलाय हे त्यांनी सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तुझ्या सासूबाई सगुणाबाईंनी तिकडे राहू गावातच सगळी तयारी चालवली आहे आणि तू म्हणतेस, "आबांनी बोलावलं तर जाईन, न्हाईतर न्हाई," हेही सांगितलं. दादानं रात्रीच्या जेवणात ते सगळं भिंतीकडे बघून सांगितलं. आईनं घास खाली ठेवला. आबांनी भाकरी मोडली, कालवणात कुस्करली, खाल्ली, हात धुतले आणि उठले. मला असा संताप आला म्हणून सांगू! घासायची भांडी मी इतकी आदळली की शेजारच्या रंगुबाई विचारायला आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बंब बाहेर ओढला. दार लावून टीव्ही बघणारा माणूस उन्हात बसून चिंच कोळत होता. तोटी इतकी जाम झालेली की दांडी हलेना. ती खोलली, भिजवली, खर काढली, आणि आतला खुंटा वस्त्रगाळ राख आणि तेल लावून नुसता फिरवत बसले, डेपोत इंजिनाचे व्हॉल्व घासायचे तसा. थेंब गळत नाही तोवर पुन्हा खोलायचं, पुन्हा घासायचं. आईनं विचारलं, "गिझर असताना ह्यो उद्योग कशाला?" तर म्हणाले, "लाईट जाती." लाईट तर कितीतरी वर्षं जातेय.

आता बंब चालू आहे, आणि आमचे सगळ्यांचे हात भाजतायत. दांडी पूर्वी उजवीकडे होती, आबांनी ती डावीकडे करून बसवलीय. उजव्या हाताने सोडायची तर वाफेवरून हात न्यावा लागतो. मी म्हटलं, आबा, उलटी बसली. तर म्हणाले, "बसली न्हाई, बसवली. सवय करा."

मी दोन दिवस धुसफुसत होते. आज आई धुणं पिळता पिळता म्हणाली, "सुरेखा, आपल्यात डावखुरी कोण हाय, सांग बरं." ओला टॉवेल माझ्या हातात, आणि डोळ्यांपुढे तोटीत तार घालणारा तुझा डावा हात. मग आई म्हणाली, बाळंतिणीला सव्वा महिना काही आपण पाणी काढू देत नाही, न्हाऊ मीच घालणार, मग तिला तोटी कशाला लागते? म्हणजे बघ, ती दांडी बाळंतपणासाठी नाहीच. त्याच्या पुढची आहे, तू लेकराला घेऊन येशील-जाशील, आपल्या हाताने पाणी काढशील, त्या सगळ्या दिवसांसाठी आहे. आबा तोंडाने याहून जास्त काही बोलतील असं मला वाटत नाही. तू म्हणालीस, आबांनी बोलावलं तर येईन. त्यांनी बोलावलंय, करुणा, फक्त राहूला बसून ते तुला दिसणार नाही, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दादा गाडी घेऊन येतोय. बॅग भरून ठेव.

तुझीच, हात भाजून घेतलेली,
सुरेखावहिनी