पूर्वेचा उतार

रविवार, ४ जून

फिद्दा, माझी घरची – इरबिदला, लेकीकडे, सबहाकडे. किडनी सुधारत नाही, आठवड्यातून तीनदा रक्त धुतात. फोनवर आवाज बरा वाटला. पण तिचा आवाज कधी खरं सांगतो? हायिल, मुलगा – अकबाला, पाठ धरली आहे, तरी ट्रक सोडत नाही. सबहा – खोकला गेला. तिची मुलं – ठणठणीत, अल्लाची कृपा. मिथकाल मेहुणा – गुडघे गेले, जीभ शाबूत. गाढव – म्हातारं. माझ्यासारखंच, चालतं कमी, उभं जास्त. मी – लिहायला बसलो म्हणजे ठीकच.

टेकाडावर आजपासून खोदाईचं काम. माझा छत्तिसावा हंगाम, मुकादम म्हणून एकोणतिसावा. पहाटे पाचला सगळे जमले. चहा झाल्यावर खोदाईच्या प्रमुख डॉक्टर इंगरनी नकाशा पसरला आणि पूर्वेच्या उतारावर बोट ठेवलं. हिवाळ्यात त्यांनी ते जमिनीखालचं दाखवणारं यंत्र फिरवलं होतं, त्यात तिथे लांब भिंत दिसते म्हणे. वेस असेल.

मी म्हटलं, तिकडे काही नाही. नुसता दगड.

त्या हसल्या. तुमचं म्हणणं मी पुस्तकातसुद्धा घातलंय म्हणाल्या. नव्या विद्यार्थ्यांसाठी लिहिताहेत – धर्मग्रंथातल्या या मुलखाची खोदाई, अगदी पहिल्यापासून समजावून. पान काढून दाखवलं. ‘पूर्व उतार – निव्वळ खडक. मुकादमाचा अनुभव.’ खाली माझं नाव.

यांच्याआधी खोदाईवर तीन डॉक्टर आले आणि गेले. तिघांनी माझ्या शब्दावर तो उतार सोडला. यंत्राला माझी भीड नाही.


सोमवार, ५ जून

नवी पोरं आली आहेत. दोन दिवसांत उन्हाने टोमॅटो होतील. एकाने विचारलं, हे गाव धर्मग्रंथात आहे का, कोणत्या राजाने जाळलं? दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मी दरवर्षी तेच सांगतो – खापराला वाचता येत नाही, बाळा. आधी त्याचं ऐकून घे, मग ग्रंथाला विचार.

जुन्या खड्ड्यात नेऊन घराची जमीन दाखवली. तीन हजार वर्षांपूर्वीची. खड्ड्याच्या कापलेल्या बाजूला पांढऱ्या रेघा, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या, एकीवर एक. पाऊस सरला की घरातली बाई दरवर्षी पांढऱ्या मातीने सारवायची. मोजा म्हटलं. एकवीस निघाल्या. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं – रेघ थांबली की समजावं, बाई गेली नाहीतर घर गेलं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

घरी आलो. आमच्या कोठीची भिंत या वर्षी तशीच. फिद्दा फेब्रुवारीपासून इरबिदला, सारवणार कोण? गेल्या वर्षीची तिची बोटं भिंतीवर आहेत. चारच. अंगठा उमटत नाही, लहानपणी भट्टीत भाजून आखडला तो.

जेवलो नाही. डाळीचं सार होतं, ते मिथकालला दिलं.


बुधवार, ७ जून

पूर्वेच्या उतारावर दोऱ्या ताणल्या. पाच चौकोन. चौथा तिच्यावर.

इतकी वर्षं ही वही लिहितो, पण हे कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा हिवाळा. बर्फ पडलं, मग ओढ्याला पूर. कबरस्तान ओढ्यापलीकडे. आमची पहिली पोर तीन दिवसांची होऊन गेली. नाव सातव्या दिवशी ठेवतात, तिथवर ती पोचलीच नाही. फिद्दा तापात, शुद्ध नव्हती. मी आणि मिथकाल पोरीला घेऊन टेकाडावर गेलो. रानातली जमीन दगडासारखी गोठलेली. जुन्या वस्तीच्या पांढरीची माती मात्र भुसभुशीत राहते. पूर्वेच्या उतारावर हातभर खणलं. माझ्या डोक्याच्या रुमालात गुंडाळलं. वर खूण केली नाही.

फिद्दा शुद्धीवर आली, म्हणाली, कुठे ठेवलीस? तोंडातून निघून गेलं – तुझ्या आईच्या पायाशी.

पूर ओसरला की हलवू, मनाशी म्हटलं. हलवलं नाही. मग सांगायचा दिवस गेला, वर्ष गेलं, मग सांगायचं तोंडच गेलं. दर ईदला ती आईच्या कबरीवर पाणी घालते. थोडं पायथ्याशीही घालते. मी तेव्हा दूर उभा राहून जोड्यांतली माती झटकतो.

पुढे खोदाई आली आणि मी पहिला जाऊन नाव दिलं. गावाला वाटतं, अबू हायिलला, म्हणजे हायिलच्या बापाला, मला, जुन्याचं वेड. वेड कसलं! राखण होती. अक्षरंही मी खापरांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बघून शिकलो – मुकादम झालं तर कुठे खणायचं यात आपला शब्द चालेल, म्हणून. हिवाळ्यात शेगडीपाशी फिद्दालाही शिकवली.

पण राखण दुरून केली. त्या उतारावर मी त्या दिवसानंतर पाय ठेवलेला नाही. वर उभं राहून बोट दाखवायचं आणि म्हणायचं, तिकडे काही नाही.

स्वतःच्या लेकीला – काही नाही!


शुक्रवार, ९ जून

सुट्टी. इरबिदला जाऊन आलो. फिद्दा दवाखान्यात, रक्त धुवायच्या पलंगावर, पोरीसारखी लहान दिसते. हात काळेनिळे. मी नेलेलं लबने, घट्ट दही, तिने बोटाने चाखलं आणि बाजूला ठेवलं.

आज सगळं सांगून टाकायचं म्हणून गेलो होतो. तिनेच विचारलं, या वर्षी कुठे खणताय? मी म्हटलं, उत्तरेला.

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, “गोठ्यात डब्यात पांढरी माती आहे. मी थंडीतच आणून ठेवली होती. भिंत सारव.”

मी म्हटलं, हे काय माझं काम आहे? गाव हसेल.

“हसू दे. आणि सगळी भिंतीला लावू नकोस. थोडी ठेव.”

कशाला, ते विचारायच्या आत नर्स आली. बसमध्ये वाटलं, माती कसली धरून बसली आहे ही! माणूस जायला निघालं की असल्याच गोष्टी आठवतात का?


रविवार, ११ जून

चौथा चौकोन उघडला. मी दिवसभर चाळणीपाशी बसलो. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.


मंगळवार, १३ जून

नूहा नावाची मुलगी त्या चौकोनावर आहे. इथलीच, जेराशकडची. हात हलका आहे, थापी चांगली धरते. दुसरी कोणी घिसाडघाई करणारी असती तर एवढ्यात...

वीतभर खाली गेलेत. मिथकाल तिथेच रबरी टोपल्या उचलतो. त्याला तर सगळं माहीत. तोंडाने अखंड चालू – आमचे मुकादम पूर्वेला येत नाहीत बरं का, त्यांना तिथल्या भुताचं देणं आहे! पोरं हसली. माझ्याकडे मात्र त्याने एकदाही बघितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

डॉक्टर इंगर म्हणाल्या, कोपऱ्यातली माती मऊ लागतेय, तुमचा हात हवा. मी म्हटलं, डोळ्यांनी दिसत नाही आता. त्या माझ्या हातातल्या बारीक खापराकडे बघत होत्या. त्याच्या काठावरची नखाएवढी नक्षी मी नुकतीच नूहाला दाखवली होती.

मऊ माती म्हणजे खणून बुजवलेली माती. पुढचं माहीत आहे. हाड सापडेल. चिठ्ठी, नंबर, खोका. आणि फिद्दाला गावातलं कोणीतरी फोन करून सांगेल.


गुरुवार, १५ जून

डॉक्टर इंगरना सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही.


रविवार, १८ जून

अक्षर लागलं तर लागलं.

सकाळी नूहाने हाक मारली. काका, जरा या, हे वेगळंच आहे. मी गेलो नाही. तिने परत हाक मारली. मग डॉक्टर इंगरनी मारली. सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा उतरलो. त्रेचाळीस वर्षांनी.

हाड नव्हतं. मऊ माती चौकोनाच्या कोपऱ्याला नुसती शिवली होती, खरी जागा मला वाटलं त्याहून हातभर पलीकडे, कडेच्या आत राहिली होती. नूहाने तो कापलेला भाग पाणी शिंपडून, ब्रश मारून स्वच्छ केला होता. आणि त्यात रेघा. पांढऱ्या. एकीवर एक, मध्ये मातीचा पातळ पापुद्रा. लांबी जेमतेम दोन हात.

नूहा म्हणाली, घराची जमीन आहे ना ही? पण इतक्या वरच्या थरात? आणि एवढीशी? डॉक्टर इंगर गुडघ्यांवर बसल्या होत्या. एखादं छोटं पूजेचं ठिकाण असेल, तुर्की काळातलं असेल, असं काहीबाही बोलत होत्या. मला म्हणाल्या, मोजा मुकादम, तुमच्याइतकं कोणाला दिसत नाही.

मोजल्या. एक्केचाळीस. दोन पावसाने नेल्या असतील.

बोटाने चाचपलं. आमच्या ओढ्याची पांढरी माती, बारीक चाळलेला भुस्सा घातलेली. सगळ्यात वरच्या रेघेवरची माती मी थापीने हळूच बाजूला केली. खाली सारवलेलं अंग दिसलं. त्यावर बोटं. चार.

अंगठा नाही.

जगाच्या जमिनी वाचत फिरलो मी! जी बाई मरून तीन हजार वर्षं झाली, तिचं सारवण मोजून पोरांना शहाणपण शिकवलं. आणि माझ्या घरची बाई दर वसंतात डबा घेऊन खुबेजाची भाजी खुडायला म्हणून टेकाडावर जायची, हात पांढरे करून यायची. तिला एकदाही विचारलं नाही, भाजीने हात पांढरे कसे होतात?

डॉक्टर इंगरनी विचारलं, कोणत्या काळातलं?

मी म्हटलं, “ही जुनी नाही. ही माझ्या घरची आहे.”

त्यांनी वही मिटली. सगळ्यांना न्याहारीला पाठवलं. नूहा जाताना पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेली. मग मी सांगितलं – बर्फ, पूर, रुमाल, फिद्दाला बोललेलं खोटं, तीन डॉक्टरांना बोललेलं आणि चौथ्यांदा त्यांना बोललेलं. पुस्तकातलं वाक्य खोडा म्हटलं. लिहा, मुकादम खोटं बोलला.

त्यांनी थापीची माती पुसली. मग म्हणाल्या, “मी लिहीन – पूर्व उतार, अलीकडची दफनं, खणू नये. त्यात खोटं काही नाही.” वर म्हणाल्या, बाकीच्या पानांवरचं तुमचं म्हणणं मात्र मी आता पुन्हा तपासणार. बरोबर आहे त्यांचं. ते मी कमावलेलं आहे.

उद्या चौकोन बुजवायचा.


सोमवार, १९ जून

बुजवला. पहिली टोपली मी टाकली.

मिथकाल टेकाडाच्या पायथ्याशी गाढवाजवळ बसला होता. मी विचारलं, तिला कधीपासून माहीत?

“ताप उतरला त्याच आठवड्यापासून. बहिणीने विचारलं, मी सांगितलं. मी काय मुकादम आहे, एवढं लांबलचक खोटं पेलायला?”

मग मला का नाही बोललास?

तिनेच शपथ घातली होती म्हणाला. तिचेच शब्द – तो म्हणतोय ना आईच्या पायाशी, मग आईच्या पायाशीच. त्याला तेवढ्यावरच उभं राहता येतं, ते काढून घेऊ नकोस.

गाढवाने माझी बाही चावली. मिथकाल हसला नाही, तेव्हा कळलं की तो रडतोय.

दुपारी सबहाचा फोन. फिद्दा दोन दिवस जेवली नाही, रक्त धुताना दाब खाली जातो. पुन्हा दवाखान्यात ठेवलंय. मी म्हटलं, फोन दे तिला. दिला. नुसता श्वास ऐकू आला. चाळीस वर्षं न बोललेलं माणूस फोनवर कुठून काढणार?


मंगळवार, २० जून

मिथकाल सकाळच्या बसने इरबिदला निघाला. मी आज निघू शकत नाही, उताराच्या कागदावर सही करायला सरकारी माणूस येणार आहे. उद्या जाईन. आजची चिठ्ठी मिथकालजवळ दिली, तिची नक्कल इथे ठेवतो.

‘फिद्दा, गोठ्यातली माती भिजवली. भुस्सा जास्त पडला, कडेला तडे जातील. भिंत राहिली, पण या वर्षीची रेघ मी घातली आहे. माझा अंगठा उमटलाय, त्याला इलाज नाही. वर मूठभर माती टाकली, तू टाकतेस तशी. आता तिच्याजवळ कोणी येणार नाही, तसं लिहून घेतलंय.

इतकी वर्षं तिथे बसून तू तिला काहीतरी हाक मारत असशील. बिननावाच्या कोणाला एवढं सारवत नाहीत. ते नाव लिहून पाठव. सबहाकडून नको, तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात. लवकर पाठव.’