मोतीच्या ढावल्याचं रसग्रहण

२ नोव्हेंबर १९६१
मॅट्रिकची तिसरी खेप. यंदा इंग्रजी ग्रामर आणि मराठी कविता, दोन्हींचाही फडशा. रोज पहाटे एक टेन्स. उद्यापासून. आज कापूस वेचायला जावं लागलं.

१८ नोव्हेंबर
घात! भगवानराव सरांनी रसग्रहणाला शून्य दिलं. म्हणे, सगळं गाईडमधलं. मॅट्रिकचा फॉर्म पाठवणार नाहीत. पाया पडलो. शेवटी म्हणाले, स्वतः ऐकलेल्या गाण्याचं रसग्रहण लिहून आण, मग बघू. बा म्हणाला, "फॉर्म गेला नाही त वखर धर." मेलो.

१९ नोव्हेंबर
देव आहे! पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं, मोतीचं लग्न. तांड्यातून निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत. ते उतरवायचं. मोती आतापासून आईपाशी, आमच्या याडीपाशी बसून तालीम करतेय. मी गेलो की लाजून गप्प होते. हरकत नाही.

१० डिसेंबर
प्रस्तावना आधीच लिहून ठेवली : "प्रस्तुत गीत ऐकताना डोळे पाणावतात." समारोपही तयार. मधे फक्त गाणं घालायचं. टेन्स लग्नानंतर.

१७ डिसेंबर
पाठवणी. कागद-पेन्सिल घेऊन पुढेच उभा. मोती बाच्या गळ्यात पडली, मग याडीच्या. भराभर उतरवलं, दोन उपमा सापडल्या. मग माझ्याकडे आली, गळ्यात हात टाकले. माझं याडीचं कडवं अर्धं राहिलेलं. म्हणालो, थांब जरा, मागची ओळ पुन्हा म्हण.
ती थांबली. भोवती रडणाऱ्या बायाही थांबल्या. मोती डोळे पुसून गाडीत जाऊन बसली. बानं कागद फाडला. "तुही बहीण चालली, अन् तू लिहून राह्यला?"
माझ्या मॅट्रिकचं कोणालाच काही नाही.

१९ डिसेंबर
आठवून लिहिलं, सरांना दिलं. वाचून म्हणाले, तुझ्यासाठी काय गायली ते यात नाही. परवापर्यंत तेवढं आण, फॉर्म पाठवतो. म्हणजे झालंच काम!

२० डिसेंबर
याडीला विचारलं. "तुह्यावाला ढावलो तिनं सोताच जुळवला होता. मले बी ऐकू देला नाही." उद्या आर्णीची एसटी, मोतीच्या सासरी.

२१ डिसेंबर
मोतीनं गरम भाकरी वाढली. गाणं विचारलं. म्हणाली, "काही नव्हतं, भिया. तू अभ्यास कर." आणि भांडी घासायला उठली.
फॉर्मची मुदत गेली. एसटीत रडू आवरेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, घरातलं कोणी गेलं काय.
हो म्हणालो.