दोरिकाचं छप्पर

२ जून, रविवार, दुपारी

छपरावरून लिहितो आहे. शिडी खाली पडली. वही खिशात होती म्हणून वेळ वाया जात नाही.

चुलीच्या वरचं गवत कुजलं होतं. गावची मुखीण म्हणाली होती, महिनाभर राहून बघ, घर मानवतं का बघ, पण मी माझ्या बहिणींना विचारेपर्यंत घराला हात लावू नकोस. मी हो म्हटलं होतं. पण गळतं घर बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. गवताच्या चार पेंढ्या घेतल्या आणि चढलो.

शेजारची म्हातारी मालिता खाली येऊन उभी राहिली. हे घर तिच्या थोरल्या मुलीचं, दोरिकाचं. ती फेब्रुवारीत वारली. मालिता म्हणाली, उतर बाबा. पडलास तर पाय मोडेल, तो जुळतो. पण गवत लावू नकोस. मी म्हटलं, आई, भूमापन खात्यात एकोणीस वर्षं काढली आहेत, उतार मला कळतो. आणि पहिली पेंढी बसवली.

तिने अंगावरचं कापड डोक्यावर ओढून घेतलं, तोंड फिरवलं आणि गेली.

थोड्या वेळाने पाच-सहा बायका आल्या. एकीने तोंडावर हात धरून लांब किलकारी घातली, लग्नात घालतात तशी. इकडे कामाचं कौतुक असं करत असावेत.

डोंगर दिसतो का पाहिलं. धुकं.

३ जून, सोमवार

काल लायसनने उतरवलं. हा मालिताच्या धाकट्या मुलीचा नवरा. शिडी लावताना म्हणाला, या साडूबुवा, जपून. मी हसलो. तो हसला नाही.

५ जून, बुधवार

हे ठिकाण का निवडलं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

वय सेहेचाळीस. एकटा. पाश नाहीत. मुळात उघड्यावरचा माणूस. मुलांजेच्या या डोंगराच्या उंचीच्या रेषा नकाशावर माझ्या हातच्या आहेत. असा माणूस कुठेही राहू शकतो, म्हणून निवड काळजीने करायला हवी. झोम्बा पाहिलं. तिथे डोंगरावर थेट मोटारी जातात. सरोवराचा काठ पाहिला. डास. न्यिकाचं पठार पाहायला निघालो होतो, बस सुटली. इथे मागचं दार उघडलं की डोंगराची वाट सुरू होते.

एनेलेसी, माझी बहीण, म्हणते ब्लँटायर शहरात माझ्याकडे ये, मागची खोली रिकामी आहे. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. माझी भाड्याची खोली मी मेअखेर सोडली. म्हणजे एक तर हे घर, नाहीतर ती भिंत. प्रश्नच नाही.

उद्यापासून रोज पाचला उठून दुसऱ्या ओढ्यापर्यंत.

८ जून, शनिवार

चिपेरोनी सुरू आहे. पूर्वेकडून येणारं हे थंड धुकं, त्यात भुरभुर पाऊस. आठवडाभर बसतं म्हणतात. डोंगर अजून एकदाही दिसलेला नाही. आहे हे नकाशावरून माहीत आहे.

बूट घालून पाहिले. सहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून कडक आहेत. आधी घरातच घालून फिरायचं, मग वाटेवर. शास्त्रशुद्ध पद्धत हीच.

रोज सकाळी ओट्यावर एक ताटली असते, वर दुसरी पालथी घातलेली. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला नसिमा आणि ओल्या तुरीची उसळ. गरम. आणणारं कोणी दिसत नाही. आज चारपासून दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. चूल पेटवायला क्षणभर मागे वळलो, तेवढ्यात ताटली आलेली होती.

खाल्लं. मीठ बेताचं.

११ जून, मंगळवार

मालिता मला टाळते. आल्या दिवशी तासभर गप्पा मारल्या होत्या, माझ्या डोक्यावरच्या टकलावरून थट्टाही केली होती. आता मी समोरून आलो की वाट सोडते. आज विहिरीवरून परतताना केळीच्या मागे जाऊन उभी राहिली. पान एक, बाई दोन्ही बाजूंनी दिसत होती. मी म्हटलं, नमस्कार आई. मी पुढे जाईपर्यंत ते पान हललं नाही.

डोंगराकडचे लोक लाजरे असतात.

१२ जून, बुधवार

एनेलेसीचा फोन. लायसनची कोणी चुलतबहीण तिच्या चर्चमध्ये येते, तिच्याकडून सगळं कळलंय.

म्हणाली, दादा, तू त्या बाईच्या घरावर गवत लावलंस?

मी म्हटलं, गळत होतं.

म्हणाली, आपल्या आईच्या घराला गवत कोणी लावलं होतं?

मी म्हटलं, बाबांनी.

म्हणाली, मग? जमीन बाईची, घर बाईचं, आणि छप्पर लावणारा बाईचा नवरा. हे काय तुला आता चर्चमध्ये शिकवायचं? तू लग्न केलंस दादा. अभिनंदन.

मी म्हटलं, ती बाई मेलेली आहे.

म्हणाली, तुला तेवढीच मिळाली.

आणि सासूने तोंड दाखवलं नाही की रागावू नकोस, जावयाला दाखवत नाहीत. जेवण मात्र घालतात.

मी शांतपणे समजावलं की या जुन्या चालीरीती आहेत, मी शहरात वाढलो, मला लागू होत नाहीत. ती म्हणाली, जेवतोस ना पण?

रेंज गेली.

१५ जून, शनिवार

पाऊस. घर नीट पाहिलं. एकट्या माणसाने कसं राहावं याचा अभ्यास म्हणून.

चटई एकच. भांडी दोन. मागच्या दाराच्या आत, भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्यांनी. लायसनला विचारलं. म्हणाला, दोरिका डोंगरावर जाऊन आली की एक रेघ ओढायची. लाकडाला, अळंब्यांना, कधी उगाचच. लग्नाला दोघे-तिघे विचारायला आले होते. ती त्यांना म्हणायची, माझ्याबरोबर वरच्या पठारापर्यंत या, मग बोलू. पहिल्या ओढ्यापासून परत फिरायचे. मग म्हणाला, तुमचं बरं आहे साडूबुवा, भांडण नाही, तंटा नाही. आमची रोज विचारते, छपराचं काय झालं.

रेघा मोजल्या. चारशे बारा.

फेब्रुवारीत ती घरातच गेली. तापाने. आईला वाटलं वर गेली असेल. चौथ्या दिवशी दार उघडलं. दोन घरांमध्ये तीस पावलं आहेत. मी मोजली.

१६ जून, रविवार

जावई हा शब्द सोयीचा आहे असं लक्षात आलं. जावयाला घरातून काढत नाहीत. मी काही खुलासा करणार नाही. कोणाची फसवणूक होत असेल तर ती त्यांची त्यांनी करून घेतलेली आहे.

१९ जून, बुधवार

पहाटे पाचला निघालो. (साडेसात.) वाट एकाच माणसाच्या पायांनी पडलेली आहे, पाऊल ठेवायला दगड नेमके तिथेच जिथे माझा पाय पडतो. उंची आमची सारखी असावी.

धुक्यात दहा हात पुढचं दिसत नव्हतं. पहिल्या ओढ्याच्या अलीकडे पुढे कोणी चालत असल्यासारखं वाटलं. आवाज नाही, पण गवतावरचं पाणी नुकतंच झटकलेलं. मी थांबलो. हाक मारली. कोणाला मारतो आहे ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे नुसतं अहो म्हणालो.

बूट चावत होते म्हणून परतलो.

भिंतीवर तिच्या रेघांच्या खाली एक रेघ ओढली. ओढ्याचा आवाज ऐकू आला होता, म्हणजे पोचल्यातच जमा.

२० जून, गुरुवार

रेघ पुसली. पुसली गेली नाही, काळा डाग झाला.

२३ जून, रविवार

मुखिणीने बोलावलं. तिच्या चार बहिणी ओळीने बसल्या होत्या. मालिता कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मी घराचं बोलायची तयारी करून गेलो होतो.

मुखीण म्हणाली, तुला सांगितलं होतं हात लावू नकोस. लावलास. आता ऐक. आमची दोरिका गेली तेव्हा नवऱ्याच्या चटईवर बसायला कोणी नव्हतं. रिकामी चटई ठेवून तिला पुरलं. तेव्हापासून तिचं सुतक फिटलेलं नाही. ते घर कोणाला देता येत नाही, पाडता येत नाही. तिची आई पाच महिने बिनमिठाचं खाते. आता तू आहेस.

मी म्हटलं, मी फक्त छप्पर शाकारलं.

धाकटी बहीण म्हणाली, सगळे असंच म्हणतात. आमचे हेही म्हणाले होते, मी फक्त पाणी प्यायला थांबलो.

सगळ्या हसल्या. भिंतीकडे तोंड केलेलीचेही खांदे हलले.

मुखीण म्हणाली, तीन दिवस बस. डोकं भादरून घे. मग तू मोकळा.

मी विचारलं, मोकळा म्हणजे?

म्हणाली, म्हणजे तुझ्या आईच्या माणसांत परत. बायको गेलेल्या जावयाचं सासुरवाडीत काय काम? नाही बसलास तर माझा शब्द मोडून दुसऱ्याच्या घरावर चढलेला माणूस म्हणून उद्या जाशील. आणि छप्पर जाळावं लागेल.

उद्या सांगतो म्हणालो.

२४ जून, सोमवार

विचार केला. बसणार. तीन दिवस माझी वागणूक पाहिली की त्यांचं मत बदलेल. असा जावई कोण सोडतो. मुखीण कडक आहे पण न्यायी आहे.

शिवाय तीन दिवस जमिनीवर, मोकळ्या अंगणात. हे एक प्रकारे उघड्यावरचंच जगणं.

२८ जून, शुक्रवार

बसलो आहे. दुसरा दिवस. बोलायचं नाही, मान वर करायची नाही, डोक्यावर कापड. लिहू नये असं कोणी म्हटलेलं नाही.

शेजारी तिची चटई आहे, गुंडाळलेली. बायका येतात, तिच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. म्हणतात, दोरिका, बघ, आला बाई एकदाचा. म्हणतात, टकला आहे, पण छप्पर बरं लावतो. म्हणतात, वर काही जात नाही हो, ओढ्यावरून परत आला. म्हणजे कोणीतरी पाहत होतं.

मग रडतात. रडताना तिचा एकेक गुण सांगतात. ती वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगायची. वरच्या पठारावर एकटी झोपायची. कोणाकडे कधी काही मागायला आली नाही. हे मी माझ्याविषयी लोकांना सांगत आलो आहे, बहुतेक याच शब्दांत.

धुकं इतकं खाली आलं आहे की चटईचं दुसरं टोक दिसत नाही. त्या टोकाकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

२९ जून, शनिवार

पहाटे ओढ्यावर नेऊन डोकं भादरलं. फारसं काम नव्हतं. वस्तरा फिरवणारा लायसन म्हणाला, साडूबुवा, देवाने अर्धं आधीच करून ठेवलंय. मग म्हणाला, आजपासून साडू म्हणता येणार नाही. वाईट वाटलं त्याला. खरंच वाटलं.

मुखिणीने एक घोंगडी आणि एक जिवंत कोंबडी हातात दिली. म्हणाली, आमच्या मुलीचं केलंस, आता तू मोकळा. मी म्हटलं, मला मोकळं व्हायचं नाही. महिना अजून संपलेला नाही. इथे राहायला आवडेल, कोपऱ्यातली कुठलीही जागा चालेल. तिने सावकाश ऐकून घेतलं. मग म्हणाली, कोणाच्या घरात?

एकोणीस वर्षं मी जमिनीचे नकाशे काढले.

मग मालिता आली. समोर उभी राहिली आणि डोक्यावरचं कापड मागे केलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा तोंड दिसलं. म्हणाली, आता तू माझा कोणी नाहीस, आता बोलता येतं. तू तिथे राहिलास. एकटं वाटायचं का रे तिला?

मी नाही म्हटलं. जराही नाही, म्हटलं.

ती म्हणाली, बारीक झालास. मीठ मला कळत नव्हतं, चव न घेता घालत होते.

डोळ्यांत पाणी आलं. धुराचं. आग सकाळीच विझवलेली होती, पण धूर राहतो.

३० जून, रविवार

मिनीबसने ब्लँटायरला. कोंबडी मांडीवर. शेजारच्या बाईने भादरलेलं डोकं पाहिलं आणि खिडकीची जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपणहून दिली. चहाचे मळे संपेपर्यंत मागे वळून पाहत होतो. धुकं उठलं नाही.

एनेलेसीने मागची खोली झाडून ठेवली होती. डोक्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही व्यवस्था तात्पुरती आहे, पुढच्या महिन्यात न्यिका पाहणार आहे. ती म्हणाली, हो दादा. आधी जेव.

घोंगडी अंथरली. भिंतीकडे तोंड करून लिहितो आहे. दुसऱ्या बाजूला कोणाला तरी जागा राहील एवढा सरकलो आहे. सकाळी एनेलेसीने विचारलं तर सांगेन, खोली अरुंद आहे, म्हणून.

१ जुलै, सोमवार, सकाळी

शेजारची माणसं भेटायला आली. बायको गेल्याचं कळलं, म्हणाली. मी त्यांना बसायला चटई दिली. म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, कशी होती. मी सांगितलं, डोंगरावर एकटी जायची. भीत नसे. त्यांनी विचारलं, संसार किती वर्षांचा. मी म्हटलं, चार आठवडे. त्यांनी मान खाली घातली. एनेलेसीने सगळ्यांना चहा दिला.