आत्या येईपर्यंत

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. हे घर आजीकडून आईला आलं, आईकडून मला. तुम्ही लग्न करून इथं आलात आणि शेवटपर्यंत पाहुणेच राहिलात. कुठं काय पेरायचं, मला किती शिकवायचं, हे मामा ठरवायचा. तुम्ही मधे बोललात की तो म्हणायचा, "पावणं, तुमी जेवून घ्या." चुलीपाशी आई मान वर करत नसे. तुम्ही जेवून घ्यायचा. त्या मुकाट जेवण्याचा मला राग यायचा. अजून येतो.

सातवी झाल्यावर मामा म्हणाला, बास झालं. तुम्ही जेवून घेतलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सायकलवर बसवलंत आणि आष्टीला तुमच्या बहिणीकडे नेऊन सोडलंत. माझ्या बारशाला या घराने तिला बोलावलं नव्हतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण माझं नाव मामीने सांगितलं. ते आत्याने कधी काढलं नाही. पत्र्याच्या खोलीत तिने एक कोपरा रिकामा केला. तिथं मी शिकले.

सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ नावाचे लोक आहेत. मी त्यांच्याविषयी वाचते आहे. तिथं घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं, मुलांचं मामा बघतो, बाप बायकोच्या घरी पाहुण्यासारखा असतो. तरी मुलांच्या कार्यात बापाकडच्या माणसांना मान असतो. त्यांच्यावाचून ते कार्य पुरं होत नाही. आपल्या घराने तेवढंही ठेवलं नव्हतं.

आता माझ्या लेकीला मुलगी झाली आहे. जावई इथंच राहतो. त्याची बहीण ऊसतोडीला गेली आहे, पार कारखान्याच्या फडावर. मामाचा मुलगा मला समजावायला आला. "आक्का, कोयत्यावरची माणसं ती. कशाला अडून बसता? माझी बायको सांगती की नाव." मी म्हणाले, बाळाला आत्या आहे. बारावा दिवस गेला, महिना होत आला. गाव हसतं. बाळाला सगळे नुसतं बाळ म्हणतात. जावई खाली बघून जेवतो. त्याला मी सांगितलं, वर बघून जेव. फोनवर त्याची बहीण म्हणाली, "मावशी, मुकादम सोडंना. तुमी उरकून घ्या."

"न्हाई उरकत," मी म्हणाले. "तू येशील तवा."

पाळणा बांधलेला आहे. मुकादमाने नाहीच सोडलं तर बाळाला घेऊन मी फडावर जाईन.

हे पत्र मी टाकणार नाही. पत्ता असता तरी टाकलं नसतं. माझ्या लेकीच्या बारशाला नणंदेला बोलावणं मीच धाडलं नव्हतं. तुम्ही ओसरीवर होतात. मी मामीला पाळण्यापाशी पुढं केलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पाहिलं होतं, आबा. आणि तुम्हाला म्हणाले होते, जेवून घ्या.