मागच्या खोलीची मोजणी

४ फेब्रुवारी
सकाळी पाण्याची टाकी धुतली. नारळ पाडणारा आजही आला नाही. दुपारी आमटी-भात. सुलभा गेल्याला आज तीन महिने.

चारला नसीम आली. सु.ची विद्यार्थिनी, आता तिच्याच कॉलेजात, तिच्याच प्रयोगशाळेत शिकवते. किनाऱ्याच्या काळ्या वाळूतून रेअर अर्थ धातू वेगळे काढायचा प्रकल्प त्यांना मिळाला आहे. सु. वीस वर्षं ज्याच्या मागे होती तेच काम. म्हणाली, "काका, मॅडमच्या वाळूच्या जुन्या गोण्या असत्या तर सोनं झालं असतं. ज्या पुळणीवरून त्या भरल्या तिथे आता बंधारा आलाय. ती वाळू पुन्हा मिळायची नाही."

म्हटलं, त्या पावसात गेल्या. सु.लाही तेच सांगितलं होतं.

"हो, मॅडम सांगायच्या. त्यातल्या दोन गोण्या दक्षिणेकडच्या होत्या, तुलनेला आणलेल्या. त्यात मोनाझाइट खूप, म्हणजे थोरियम आलं. किरणं टाकतं ते. म्हणून तर मॅडम घराबाहेर ठेवायच्या."

तिला चहा दिला. साखर घालायची राहिली. तशीच प्यायली.

५ फेब्रुवारी
लिहून ठेवतो. कोणाला सांगितलेलं नाही.

आमची लेक मुक्ता दहावीत गेली त्या उन्हाळ्यात तिला अभ्यासाला म्हणून मागे खोली काढली. सु. पंधरा दिवस बाहेरगावी, कसल्याशा परिषदेला. मागच्या पडवीत तिच्या अकरा गोण्या, गवंड्याच्या पायात येत होत्या. लादीखाली भरणी कमी पडली. मी म्हटलं, ही वाळू घ्या. दोन पावलांवर मांडवीचा किनारा, वाळू काय, पुन्हा आणून देऊ असं वाटलं.

सु. आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गोण्या कुठे म्हणून विचारलं. तिचा चेहरा बघून खरं सांगवेना. कुजल्या आणि वाहून गेल्या, म्हटलं. पुढे कधी तरी सांगू असं ठरवलं होतं.

त्या खोलीत मुक्ता तीन वर्षं झोपली. सु. आजारी झाल्यावर शेवटचे चौदा महिने तिथेच, कारण तिथे वारा येतो. रक्ताचा आजार. डॉक्टर म्हणाले होते, कारण विचारू नका, सांगता येत नाही.

आज खोलीचं दार ओढून घेतलं. कडी लावली.

७ फेब्रुवारी
मुक्ताचा पुण्याहून फोन. सातवा महिना भरला की येते म्हणाली. बावीस मार्चची गाडी, जावई अनिकेत सोडायला येणार. "पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, बाबा. आई नाही तर नाही, तुम्ही आहात. मला मागची खोली हवी. आईची."

म्हटलं, पुण्यात दवाखाने चांगले. इथे एप्रिल-मेमध्ये घाम निथळतो.

"मग मी कुठे झाले? मेमध्येच ना, रत्नागिरीतच ना?"

म्हटलं, बघू.

"बघू काय?"

८ फेब्रुवारी
सु.ची वही काढली. अक्षर बारीक, तारखा व्यवस्थित.

"गोण्या ११, मागील पडवी. क्र. ४ व ९ दक्षिणेकडील. घरात आणू नयेत."

पडवीत मी रोज चपला काढायचो. ही वही कधी उघडली नव्हती.

पुढे जून. "सर्व नमुने पावसात गेले. निबंध मागे घ्यावा लागेल. ताडपत्री घालायला हवी होती. निष्काळजीपणा माझा. ह्यांचा दोष नाही."

वही मिटली. परत उघडली. ते वाक्य तिथेच.

११ फेब्रुवारी
शांताराम गवंडी अजून आहे, गुडघे गेलेत. त्याच्या घरी गेलो. सरळ विचारलं, ती काळी वाळू सगळी एकत्र कालवली होतीत का?

"नाय वो भाऊसाहेब. गोणी आणायची, रिकामी करायची, लाकडी फळीनं सारखी करायची. जिथली तिथं. काय जड होती! पोरं बोलायची, वाळू हाय का शिसं." मग हसला. "का वो, लादी बसली काय? माझी लादी बसायची नाय."

म्हणजे ४ आणि ९ कुठे तरी दोन ठिकाणी, न मिसळता, तशाच पडून आहेत.

घरी येताना जेट्टीवर बसलो थोडा वेळ. उठवेना.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या मालतीवहिनी डिंक आणि अळीव घेऊन आल्या. लाडू त्या वळणार, मला फक्त खोबरं किसायला बसवणार.

"कधी येतेय पोर?"

"नक्की नाही अजून."

"म्हणजे? तुम्ही बोलावलंत की नाही? कमाल आहे हो तुमची! सुलभा असती तर आतापर्यंत दुपटी शिवून घडी घालून ठेवली असती. मागची खोली उघडा, कोंदट वास येत असेल. मी उद्या पुसून देते."

नको म्हटलं. जरा मोठ्याने.  जाताना डिंक-अळिवाचा डबा आत ओट्यावर न ठेवता, परक्या घरासारखा टेबलावर ठेवून गेल्या.

त्या खोलीत कोणी ओणवं होऊन लादी पुसतंय, हे डोळ्यांपुढून जात नाही. सु. दर शनिवारी पुसायची.

१५ फेब्रुवारी
नसीमला सांगितलं. तिच्या प्रयोगशाळेत जाऊन. आधी वाळूच्या चाळण्या, लोहचुंबक, बाटल्या बघत उभा राहिलो. सु.चा पांढरा कोट अजून खुंटीवर आहे. मग बोललो. चार वाक्यांत झालं.

पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "म्हणजे गोण्या आहेत!"

मग तिला उरलेलं कळलं असावं. हातातली चाळणी खाली ठेवली. "काका, मॅडम चार पावसाळे त्या पुळणीवर जात होत्या. तशी वाळू पुन्हा मिळते का बघायला. मी होते बरोबर. भिजून ताप यायचा त्यांना."

माहीत आहे, म्हटलं. स्कूटरवरून मीच सोडायचो.

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिकडूनच म्हणाली, मंगळवारी किरणं मोजायचा मीटर घेऊन येते. "तोवर खोलीत जाऊ नका असं काही नाही. पण नका जाऊ."

१८ फेब्रुवारी
मोजणी केली.

तीस वर्षं भूमापनात काढली, दुसरं काही येत नाही. खडूच्या दोरीने दोन-दोन फुटांच्या चौकटी आखल्या. खोली दहा बाय बारा. तीस चौकटी. नसीम मीटर धरणार, आकडा बोलणार, मी लिहिणार. आधी अंगणात घेतला, तुलनेला. मीटर सावकाश टिकटिकला. मध्ये कावळा ओरडला, तोही त्याच्यापेक्षा मोठा वाटला.

खोलीत दाराजवळ थोडं वर. पहिल्या दोन ओळी तशाच. ती बोलत होती, मी लिहीत होतो, ऑफिसातल्यासारखं. जरा बरंही वाटत होतं.

तिसऱ्या ओळीची शेवटची चौकट. टिकटिक एकमेकांत मिसळली. नसीमने आकडा मोठ्याने नाही सांगितला, मीटर माझ्याकडे फिरवला.

म्हटलं, पुन्हा घे. आमच्यात तीनदा घेतात. तीनदा तेच.

दुसरी जागा खिडकीखाली, ती पहिलीपेक्षा कमी.

पहिली जागा पलंगाच्या उशाची. मुक्ताचा पलंग तिथेच, सु.चाही. पंख्याखाली येतो म्हणून मीच तिथे ठेवला.

नसीम म्हणाली, "ऐका माझं. एवढ्याने माणूस लगेच आजारी पडतो असं नाही. दक्षिणेत किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक अशा वाळूवर राहतात, संसार करतात. पण बंद खोलीत हवाही तपासायला हवी. त्यातून वायू निघतो."

विचारलं, सुलभाला त्याच्यामुळेच झालं का?

"मी नाही सांगू शकत."

"कोण सांगेल?"

"कोणीच नाही, काका. हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही."

उखडून टाकतो लादी, म्हटलं. तिने हात धरला. "अजिबात नाही. धूळ उडेल. नीट माणसं आणून, परवानग्या घेऊन करू. वेळ लागेल."

१९ फेब्रुवारी
जेवण नाही गेलं. कागदावरच्या तीस चौकटी बघत बसलो. असे नकाशे शेकडो काढले, लोकांच्या भांडणांचे. मोजणी झाली की वाद मिटतो असं सांगायचो त्यांना.

मानेला हात लावून बघतो, गाठ आहे का. सु.ला तशीच लागली होती.

२४ फेब्रुवारी
नसीमने खोलीत चार छोट्या प्लास्टिकच्या डब्या टांगल्या, आत फिल्म. हवेतल्या त्या वायूच्या खुणा तिच्यावर उमटतात. तीन महिने हलवायच्या नाहीत. मग अहवाल.

हिशोब केला. मेचा शेवट. मुक्ताची तारीख मेच्या मध्यावर.

बाकीचं घर मोजलं. पुढची खोली, स्वयंपाकघर अंगणाइतकंच. नसीम म्हणाली, इथे ती राहू शकते. "पण आधी तिला सांगा. मी सांगू का?"

नको म्हटलं.

२ मार्च
मुक्ता चिडली. "सासूबाई रोज विचारतात, तुझे वडील बोलवत का नाहीत? काय सांगू? आई गेल्यापासून तुम्ही मला दारातल्या माणसासारखं वागवता."

म्हटलं, तसं नाही.

"मग कसं आहे ते सांगा. सांगा ना. तुम्हाला मी आलेली नकोय का?"

 तब्येत जप म्हटलं. ती हसली, वाईट हसली. "आई म्हणायची, ह्यांच्याकडून एक वाक्य काढायला टिकाव घ्यावा लागतो."

सु. असं म्हणायची हे मला माहीत नव्हतं.

५ मार्च
घाबरतो कशाला, याचा विचार केला. खोलीला घाबरतो, हे खरं. पण दार लावलं की ती बंद होते. मुक्ताला कळलं की सु. दुसऱ्यांदा जाईल, या वेळी माझ्या हातून. ती भीती जास्त. आणि माझ्या त्या भीतीपायी पोर त्या उशाशी येऊन झोपली तर.

मालतीवहिनींनी लाडू पाठवले. खोबरं त्यांनीच किसलं.

९ मार्च
सांगितलं.

सकाळी दहाला फोन केला. कागदावर आधी लिहून घेतलं होतं, वाचून दाखवलं. गोण्या, भरणी, खोटं बोललो ते, उशाची चौकट, डब्या. पुढची खोली ठीक आहे हेही. तू आलीस तर तिथे पलंग लावतो. नाही आलीस तरी बरोबर आहे. तपासण्या करून घे, नसीम डॉक्टरांशी बोलायला तयार आहे.

 पंख्याचा आवाज येत होता तिच्याकडचा.

शेवटी विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही."

"ती स्वतःला दोष देत होती, बाबा. आयुष्यभर. मला सांगायची, वस्तू नीट झाकून ठेवावी, माझ्यासारखं करू नये."

मग फोन बंद झाला. तिने ठेवला की रेंज गेली, कळलं नाही. परत केला नाही.

११ मार्च
अनिकेतचा निरोप, मोबाइलवर. "बाबा, ती खूप रडते आहे. डॉक्टरांना दाखवलं, बाळ ठीक आहे. काही दिवस फोन नको. तिकिटं अजून रद्द केलेली नाहीत, पण मी काही सांगू शकत नाही."

बाळ ठीक आहे. हे चार-पाचदा वाचलं. आज ठीक आहे, एवढंच वाचायचं.

१४ मार्च
शिमगा. वाडीत ढोल. आमच्याकडे यंदा काही नाही. पालखी दारावरून पुढे गेली, मी आतूनच हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही.

नसीम येऊन गेली. उखडायच्या परवानगीचा अर्ज तिने टाकला आहे, सही माझी घेतली. अर्जात कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणाली. म्हटलं, घरमालकाची चूक. तसंच लिहिलं तिने.

१८ मार्च
फोन नाही. गाडीला चार दिवस.

मालतीवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "येतेय ना शनिवारी?" आता त्यांनाही ठाऊक आहे, मीच सांगितलं परवा.  आज फक्त एवढंच विचारलं. माहीत नाही, म्हटलं.

"पलंग हलवायला बोलवा," म्हणाल्या. पलंग कालच पुढच्या खोलीत ओढून आणला, एकट्याने.

दुपारी पुढच्या खोलीतला पंखा पुसायला काढला. पात्यांवर वर्षभराची धूळ. स्टूल धरायला कोणी नव्हतं, भिंतीला टेकवून सावकाश चढलो. तिन्ही पाती ओल्या फडक्याने, मग कोरड्या. खाली उतरून बटण लावलं. थोडा हलतो, पण फिरतो. पलंगापर्यंत वारा येतो का ते हात धरून बघितलं. येतो. बंद केला. फडकं धुऊन वाळत घातलं.