घराला वळसा घालणारा रस्ता

४ फेब्रुवारी

सरळ करणार म्हणे! दोन हजार वर्षं या रस्त्यानं मीठ गेलं, घोडे गेले, फौजा गेल्या, आता ट्रक जातात — आणि आमच्या घराजवळचं त्याचं वळण इंजिनिअरसाहेबांच्या डोळ्यांत खुपतं. त्यांची सरळ रेघ थेट आमच्या स्वयंपाकघरातून जाते. मोजमाप घ्यायला बूट घालूनच आत शिरले. बाबा कडाडले, "बूट बाहेर! घर आहे हे, रस्ता नाही!"

६ फेब्रुवारी

रस्त्याच्या सुनावणीत मी बोलले. जुना रस्ता मोडता येत नाही, कायदा आहे. आणि वळण जुनंच आहे. इतिहास शिकवते मी कॉलेजात!

इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, पुरावा?"

म्हटलं, "खणा वळणावर. जुन्या फरश्या निघाल्या नाहीत, तर घर रिकामं करू."

टाळ्या पडल्या. घरी पोचल्यावर भाऊ — "ताई, घर काय तुझ्या एकटीचं आहे?"

नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

मला काळजी रस्त्याची, की स्वयंपाकघराची? खरं सांगायचं तर स्वयंपाकघराची. पण म्हणून वळण खोटं ठरत नाही!

९ फेब्रुवारी

खणतायत. बाबा जेवले नाहीत.

१० फेब्रुवारी

माती. कमरेइतकं खणलं, नुसती माती. इंजिनिअर हसले नाहीत, उलट मला पाणी दिलं — त्याचाच जास्त राग आला.

पण रस्ता काही हवेत विरत नाही. वळणाच्या अलीकडे फरश्या आहेत, पलीकडेही आहेत. गाड्यांच्या चाकांनी त्यांत पाडलेल्या चाकोऱ्या दोन्हीकडून सरळ आमच्याच घराकडे येतात. जाता-येता रोज बघते मी त्या. बघायचं नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

११ फेब्रुवारी

ओट्याखालची लादी उचकटली. खाली दगडात चाकोरी! मनगट बुडेल इतकी खोल.

मागे बाबा उभे. "तुझे आजोबा म्हणायचे, फुकटचा पाया मिळाला. रस्त्याला म्हटलं, तू जा बाजूनं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू वळणाबद्दल इतकं ठासून बोलत होतीस! म्हटलं, शिकलेली आहे, असेल काहीतरी."

भाऊ म्हणतो, "लादी बसव आणि तोंड बंद ठेव. कोर्टात जाऊ. दहा वर्षं कुणी हात लावत नाही."

बरोबर आहे त्याचं. लढायचं तर आहेच! आजही डांबराखाली हे दगड जाऊ देणार नाही मी. पण लढायचं ते घरासाठी, की या दगडांसाठी? दगड राखायचे तर त्यांच्यावरचं घर जाणार.

१२ फेब्रुवारी

लादी बसवली नाही. इंजिनिअरना बोलावलं. ते आले, उंबऱ्याशी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले,

"राहू द्या बूट. रस्त्यावर कुणी काढतं का?"